आधी एक कप्पा मोकळा करा: सुपरहिरोंचा संग्रह सुरू करणाऱ्यांसाठी

माझा भाचा नेरुळला राहतो. बारावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात तो ठाण्याला आमच्याकडे आला आणि माझ्या कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, मलाही असं जमवायचंय. पहिल्यांदा काय घेऊ?" फोनवर त्याची यादी तयार होती. त्यात स्टीलबुक (पत्र्याच्या खोक्यातल्या डिस्क), पुतळे, पोस्टर, हूडी असं सगळं होतं, आणि बेरीज केली तर त्याच्या बाबांचा एक पगार गेला असता. मी त्याला सांगितलं, आज काही घेऊ नकोस, घरी जा आणि एक कप्पा मोकळा कर. हा लेख त्याच्यासाठी लिहायला घेतला होता. नव्याने सुरुवात करणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून थोडा सविस्तर लिहिला.

पायरी पहिली: कप्पा आणि चौकट

आपल्याकडची घरं वन बीएचके, फार तर टू बीएचके. संग्रहाला जागा किती, हे आधी घरच्यांशी बोलून ठरवा. दोन फूट लांबीच्या कप्प्यात ब्लू-रेची चाळीसएक खोकी उभी राहतात. डीव्हीडीची खोकी थोडी उंच असतात, पण जाडी साधारण तेवढीच. एलपीचं, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीचं, कव्हर फुटाहून थोडं मोठं असतं, म्हणून नेहमीच्या पुस्तकांच्या कप्प्यात ते मावत नाही. कपाटाची खोली टेपने मोजा. पोस्टरला भिंत लागते, आणि ती बाहेरच्या बाजूची भिंत नको. त्याचं कारण पुढे येईल.

मग चौकट ठरवा. "मला सुपरहिरो आवडतात" ही चौकट होत नाही, कारण त्यात काय घ्यायचं नाही हे कळत नाही. एक पात्र धरा, उदाहरणार्थ फक्त बॅटमॅन. किंवा एक संगीतकार धरा. किंवा आपल्या मातीतले सुपरहिरो धरा: मिस्टर इंडिया (१९८७), दूरदर्शनवर १९९७ मध्ये सुरू झालेला शक्तिमान, क्रिश (२००६), रा.वन (२०११), मल्याळम मिन्नल मुरली (२०२१). या तिसऱ्या चौकटीकडे अजून फार कमी लोकांचं लक्ष गेलंय. कॅसेटी, गाण्यांच्या पुस्तिका, शो-कार्ड (थिएटरात लावायची जाड कागदावरची चित्रं) अशा तिच्यातल्या वस्तू रद्दीत आणि माळ्यांवर पडून आहेत. आज सुरुवात करणाऱ्याने हीच चौकट घ्यावी असं मला मनापासून वाटतं. परदेशी वस्तू दहा वर्षांनीही मिळतील, आपल्या वस्तू रद्दीबरोबर लगद्यात जातायत.

पायरी दुसरी: डिस्कआधी यंत्र

आधी डिस्क आणि मग "बघू कशावर लावायची" असं करू नका. डीव्हीडी आणि ब्लू-रेला प्रांतांची कुलपं असतात. डीव्हीडीसाठी भारत ५व्या प्रांतात येतो, ब्लू-रेसाठी 'सी' प्रांतात. अमेरिकेतली ब्लू-रे 'ए' प्रांताची आणि ब्रिटनमधली 'बी'ची. भारतात घेतलेल्या प्लेअरवर किंवा प्लेस्टेशनवर कुलूप लावलेली परदेशी डिस्क चालणार नाही. बऱ्याच ब्लू-रेंना मात्र कुलूपच नसतं, म्हणून मागच्या बाजूचं चिन्ह बघून घ्या. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला प्रांताची अडचण नाही. जगात कुठूनही आणा, लागते.

फोर-केसाठी वेगळा प्लेअर हवा. डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर फोर-के डिस्क चालते, प्लेस्टेशन ४ वर चालत नाही. ही चूक मी दोन जणांना करताना पाहिलंय. मोठ्या कंपन्या प्लेअरच्या धंद्यातून एकेक करून बाहेर पडतायत (ओप्पो २०१८ मध्येच गेली), त्यामुळे चांगल्या स्थितीतला वापरलेला प्लेअर मिळाला तर सोडू नका. घ्यायच्या आधी आपली एक डिस्क घेऊन जा आणि मधला एखादा प्रसंग लावून बघा. सुरुवात सगळेच प्लेअर वाचतात.

फोनवर सगळं दिसत असताना डिस्क कशाला, असं घरात विचारलं जाईलच. ओटीटीवरचा चित्रपट करार संपला की निघून जातो, आणि तिथलं चित्र बरंच दाबून पाठवलेलं असतं. फोर-के डिस्कवर १०० जीबीपर्यंत जागा असते. अंधाऱ्या प्रसंगात, रात्रीच्या गल्लीत, काळ्या केपच्या घड्यांमध्ये हा फरक दिसतो. एकदा घरच्यांना शेजारी बसवून तोच प्रसंग दोन्हीकडे दाखवा.

पायरी तिसरी: कुठे शोधायचं

नव्या डिस्क आता आपल्याकडे दुकानात फारशा मिळत नाहीत. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, आणि त्याच्या आगेमागे आपल्या ठाणे-वाशीतली कॅसेट-सीडीची दुकानंही मोबाइल कव्हरकडे वळली. त्यामुळे खरी खाण म्हणजे जुना माल.

पहिली जागा तुमच्या बिल्डिंगखाली आहे. रद्दीवाल्या काकांशी ओळख करा. एक वही, एक फोन नंबर आणि "कॅसेट, सीडी, जुनी कॉमिक्स आली की फेकू नका, मला सांगा" एवढं वाक्य पुरतं. नौपाड्यात आणि वाशीच्या जुन्या सेक्टरांत पहिल्या पिढीने घेतलेली घरं आता पुनर्विकासाला जातायत. घर रिकामं करताना माळे उघडतात, आणि तीस वर्षांपूर्वीची खोकी खाली येतात. गेल्या तीन वर्षांत मला मिळालेल्या चांगल्या वस्तूंपैकी निम्म्या अशा आल्या.

दुसरी जागा चोर बाजार. ठाण्याहून स्लो लोकलने किंवा वाशी-नेरुळहून हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरा, तिथून मटण स्ट्रीट चालत जाता येतं. जुनी फिल्मी पोस्टरं आणि शो-कार्डं तिथल्या दुकानांत मिळतात. शुक्रवारी दुकानं बंद असतात, पण त्या दिवशी सकाळी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. उजाडताच पोहोचलात तर निवड तुमची. भाव करताना वस्तू हातात घट्ट धरून ठेवू नका, खाली ठेवून बोला. जुन्या कॉमिक्ससाठी माटुंग्याला महेश्वरी उद्यानाजवळचे जुन्या पुस्तकांचे स्टॉलही बघा.

कॉमिक्सचा विषय निघालाच आहे तर वेताळाला (इंग्रजीतला फँटम) विसरू नका. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉक यांचा हा नायक मराठीतही आला आणि १९९० पर्यंत टिकला. आपल्या आईबाबांच्या पिढीसाठी पहिला मुखवटेधारी नायक तोच होता. मराठी अंक हिंदी-इंग्रजीपेक्षा दुर्मिळ वाटतात, म्हणून दिसले की थांबा. घेताना मधली पानं बघा. स्टेपल गंजली की नेमकं मधलं जोडपान सुटतं, आणि ते हरवलेलं दुकानदाराच्याही लक्षात आलेलं नसतं.

तिसरी जागा ऑनलाइन. ओएलएक्स आणि फेसबुकवरच्या ग्रुपमध्ये घेणार असाल तर वस्तू प्रत्यक्ष बघून घ्या. मी भेटायला वाशी स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळची वर्दळीची जागा सांगतो. ट्रान्स-हार्बरने दोन्हीकडच्या माणसाला सोपी पडते. आगाऊ पैसे देऊ नका. तुम्ही विकत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पैसे मिळण्यासाठी कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं की बोलणं तिथेच थांबवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

परदेशातून मागवताना वस्तूच्या किमतीत टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी धरा, नाहीतर दारात पोस्टमन उभा असताना हिशेब फिसकटतो.

पायरी चौथी: हातात घेऊन तपासणी

इथे घाई करू नका. मी इथेच सगळ्यात जास्त शिकलो, आणि एकदा फसलोही.

डिस्क उलटी करा. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीची खालची बाजू स्वच्छ चंदेरी दिसते. घरी कॉपी केलेल्या डिस्कला जांभळट झाक असते. मधल्या भोकाभोवतीच्या चकचकीत कड्यात मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. खऱ्या डिस्कवर तिथे बारीक अक्षरांत क्रमांक आणि बहुतेक वेळा 'आयएफपीआय' ही अक्षरं कोरलेली दिसतात. ओरखडे कोणत्या दिशेने गेलेत तेही बघा. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, गोल फिरलेला ओरखडा त्याला झेपत नाही. म्हणूनच डिस्क पुसायची तीही मधून बाहेर, सरळ. चष्म्याच्या फडक्याने गोल गोल पुसू नका.

पोस्टरची गोष्ट वेगळी. हॉलिवूडचं थिएटरसाठी छापलेलं पोस्टर सहसा २७ बाय ४० इंचांचं असतं, आपलं हिंदी पोस्टर ३० बाय ४०चं. नव्या काळातली बरीच मूळ हॉलिवूड पोस्टरं दोन्ही बाजूंनी छापलेली असतात. मागच्या बाजूला तेच चित्र उलटं, आरशातल्यासारखं, फिकट. थिएटरच्या प्रकाशपेटीत मागून दिवा लागला की रंग भरदार दिसावेत म्हणून तसं करतात. ट्यूबलाइटसमोर धरलं की कळतं.

मी एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'मूळ थिएटर प्रत' म्हणून पोस्टर घेतलं. घरी येऊन नळी उघडली, कागद गुळगुळीत, मागची बाजू पांढरी शुभ्र. तरी मी मनाची समजूत घालत होतो. मग एका सोनार मित्राचं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि खालच्या बाजूची श्रेयनामावली बघितली. मूळ ऑफसेट छपाईत काळी अक्षरं भरीव आणि कडा सुरीने कापल्यासारख्या दिसतात. माझ्या पोस्टरवर प्रत्येक अक्षर रंगीत ठिपक्यांचं बनलेलं होतं, कडा विरघळलेल्या. म्हणजे कुणीतरी मूळ पोस्टर स्कॅन करून छापलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून ते भिंग माझ्या बॅगेतच असतं, आणि विकत घेण्याआधी मी श्रेयनामावलीचा जवळून काढलेला फोटो मागतो. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेत नाही.

पुतळे आणि खेळणी घेताना खोक्यावरची छपाई, परवान्याच्या ओळी आणि रंगकामाच्या कडा बघा. डोळे आणि ओठ जरा सरकलेले असले तर 'फर्स्ट कॉपी' समजा. घरात लहान मूल असेल तर आणखी एक: १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेली स्वस्त नक्कल मुलाच्या हातात देऊ नका.

पायरी पाचवी: संगीत

माझी स्वतःची चौकट ही, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.

नव्या माणसाची पहिली गफलत अशी होते: चित्रपटाच्या नावाचा अल्बम घेतो आणि घरी आल्यावर कळतं की हवी असलेली धून त्यात नाहीच. सुपरहिरो चित्रपटांचे अनेकदा दोन अल्बम निघतात, एक गाण्यांचा आणि एक पार्श्वसंगीताचा. १९८९ च्या बॅटमॅनचे असेच दोन आहेत, प्रिन्सच्या गाण्यांचा वेगळा आणि डॅनी एल्फमन यांच्या संगीताचा वेगळा. ब्लॅक पँथरचंही (२०१८) तसंच. केंड्रिक लमार यांनी जुळवलेला अल्बम एक, आणि लुडविग योरान्सन यांना ऑस्कर मिळालं ते पार्श्वसंगीत दुसरं. पाठीमागची नावं वाचा, संगीतकाराचं नाव मोठं असेल तर तो बहुधा पार्श्वसंगीताचा अल्बम.

दुसरी गोष्ट, एकाच संगीताच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असतात. जॉन विल्यम्स यांचं सुपरमॅनचं (१९७८) संगीत मूळ दोन एलपींच्या संचात आलं. पुढे ते एका सीडीत बसवताना काही भाग गळाला, आणि पूर्ण संगीताच्या आवृत्त्या नंतर निघाल्या. त्यामुळे जुनी एलपी दिसली तर "सीडी आहे की माझ्याकडे" म्हणून पुढे जाऊ नका. कव्हर उघडून दोन्ही तबकड्या आहेत ना, ते बघा.

अल्बमचं कव्हर हातात घेऊन वाचण्यातही मजा आहे. बॅटमॅन बिगिन्सच्या (२००५) अल्बममधल्या प्रत्येक तुकड्याला वटवाघळाच्या एकेका प्रजातीचं शास्त्रीय नाव दिलंय. ४ ते ९ या तुकड्यांची पहिली इंग्रजी अक्षरं ओळीने वाचली की नायकाचं नाव तयार होतं. मला हे एका दुपारी कव्हर वाचता वाचता दिसलं, आणि मी उठून बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं.

एलपी तपासताना ती तिरकी धरून उजेडात बघा. केसासारख्या बारीक रेषा चालतात, पण नख अडेल असा ओरखडा असेल तर सुई उडी मारणार. विकणारे 'व्हीजी' (व्हेरी गुड), 'जी' अशा श्रेणी लिहितात. 'जी' म्हणजे गुड वाचून फसू नका, या बाजारात त्याचा अर्थ 'जेमतेम वाजते' असा आहे. शेवटच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक फोटो काढून डिस्कॉग्स या तबकड्यांच्या वेबसाइटवर शोधला की ती कोणत्या देशातली, कोणती आवृत्ती ते कळतं. वाजवायला सूटकेससारखा स्वस्त टर्नटेबल घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांची सुई पाचेक ग्रॅम वजनाने तबकडी दाबते, चांगल्या यंत्राची दोनच्या आसपास. जड सुईने खाचा झिजतात.

कॅसेटींकडे मात्र नव्या लोकांनी जरूर वळावं. स्वस्त आहेत, जागा कमी लागते, आणि आपल्या सुपरहिरोंचं संगीत पहिल्यांदा घराघरांत पोहोचलं ते त्यांच्यावरूनच. घेताना पुढच्या फटीतून बघा: टेपच्या मागे छोटीशी फेल्टची गादी असते, ती पडलेली असेल तर आवाज दबका येतो. चार कोपऱ्यांत स्क्रू असलेली कॅसेट उघडून गादी बदलता येते, चिकटवलेली नाही. आणि आणल्याबरोबर वाजवू नका. आधी शेवटपर्यंत पुढे न्या, मग मागे आणा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले थर सुटतात. वर्षातून एकदा असं करायचंच.

पायरी सहावी: पावसाळ्याआधी

परदेशी संग्राहक उन्हाबद्दल लिहितात. आपली खाडी, आपला जून ते सप्टेंबर, यांचा खरा प्रश्न ओलीचा. माझी दोन शो-कार्डं बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे होती. जुलैत भिंतीला ओल आली, आणि गणपतीच्या साफसफाईला कपाट सरकवलं तेव्हा कार्डांवर करड्या बुरशीची नक्षी उमटली होती. कुबट वास आजही गेलेला नाही. म्हणून बाहेरची भिंत नको.

मे महिन्यात एवढं करा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारी घेतलीत तर ती कधी भरली ते दिसतं, मग मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येते. निळ्या रंगाची मुलांपासून लांब ठेवा, तिच्यातलं रसायन विषारी असतं. ओल मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. काटा ६० टक्क्यांच्या वर सलग राहिला तर दार उघडं ठेवून पंखा लावा. तळमजल्यावर राहत असाल तर कुठलंही खोकं थेट लादीवर नको. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एलपी उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. पीव्हीसीच्या जाड चकचकीत पिशव्या वापरू नका, त्या कालांतराने तबकडीवर डाग पाडतात. पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. पोस्टरला सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही नको. फ्रेमवाला बोर्डवर डिंकाने चिकटवून देतो, त्याला आधीच सांगा: चिकटवायचं नाही, चारी बाजूंनी माउंट (जाड पुठ्ठ्याची पट्टी) द्यायचा, पोस्टर काचेला टेकता कामा नये. दमट हवेत काचेला टेकलेली शाई तिथेच चिकटते. पुतळा हाताला चिकट लागायला लागला तर घाबरू नका, प्लास्टिकमधला मऊपणाचा द्रव बाहेर येतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत सुकवा.

पायरी सातवी: नोंदवही

हे पहिल्या वस्तूपासून करा, नंतर आठवत नाही. दोनशे पानी वही पुरते. क्रमांक, वस्तू, कुठून, कधी, किती पैसे, स्थिती, आणि एक ओळ त्या दिवसाबद्दल. विमा, विक्री, वाटणी असं कधी काही करायची वेळ आली तर ही वहीच कामाला येते. एखादी वस्तू दोनदा विकत घेणंही टळतं.

भाच्याला नमुना म्हणून माझ्या वहीतलं पहिलं पान फोटो काढून पाठवलं. ते असं आहे:

क्र. १. कॅसेट, मिस्टर इंडिया. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. बाबांकडून, कळव्याच्या जुन्या घरातून. किंमत माहीत नाही. खोक्याचा एक कान तुटलेला, कार्ड मूळचं. गादी २०१९ मध्ये बदलली. बाजू अ स्वच्छ. बाजू बवर तिसऱ्या गाण्यात आवाज क्षणभर खाली जातो, बहुतेक मी लहानपणी तिथेच सारखी थांबवायचो. विकायची नाही.